पहिल्या गाडीची ओटी

आमच्या गिरणीचं सूत जर्मनीहून परत आलं, तेव्हा पेटीत वरच हातभर कापडाचा एक तुकडा ठेवलेला होता. फिकट आकाशी, तलम, हाताला गार लागणारा. मी तो खिडकीशी नेऊन धरला आणि माझे डोळे पांढरे झाले. आकाशीवर जागोजाग लाल, हिरवे, पिवळे ठिपके होते. एखादा-दुसरा असता तर नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. पण हे तर कुणी मूठ भरून शिंपडावेत तसे होते.

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत मी सूत तपासायचं काम करत असे. पांढऱ्या सुतात असला केसाएवढा रंगीत धागा दिसत नाही. कापड विणून रंगवलं की तो तोंड वर काढतो. देशाचं नवं आर्थिक धोरण येऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि आमच्या साहेबांच्या तोंडी निर्यातीशिवाय दुसरा शब्द नव्हता. नवी यंत्रं आली होती, बाहेरच्या देशाचं हे पहिलं मोठं काम होतं आणि तेच असं तोंडावर फेकल्यासारखं परत आलं.

गाठींवरच्या खुणा ताडून पाहिल्या. खराब माल सगळा सरकी काढणाऱ्या एकाच जिनातला निघाला, परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरचा. "खताच्या पोत्यांचे धागे असणार," साहेब म्हणाले. "तुम्ही जाऊन बघा. यंदाच्या कापसाचा नमुना स्वच्छ गेला तर करार टिकेल म्हणतायत ते लोक." नवा हंगाम सुरू होतच होता. मी बॅग भरली.

जिंतूर

मराठवाड्यात मी तोवर पाऊल टाकलं नव्हतं. आमच्याकडे या भागाबद्दल जे बोलतात ते ऐकून मी दुष्काळ बघायच्या तयारीने निघाले होते. परभणीहून एस.टी. सुटली आणि दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र रान लागलं. आमच्या पंचगंगेच्या काठाला हिरव्याशिवाय रंग माहीत नाही. इथे काळ्याभोर जमिनीवर गुडघा-कमरेएवढी झाडं आणि त्यांच्यावर फुटलेला कापूस, नजर पोचेल तिथवर. आयुष्यभर मी कापूस हाताळला, पण गाठीतला, दाबून विटेसारखा केलेला. तो झाडावर असा हसत असतो हे बघून मी चकित झाले. शेजारच्या बाईला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "वेचायला लागलात की रडवतो."

जिंतूरच्या स्टँडसमोर चहा घेतला. भिंतीवर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या, काही जुन्या, पावसाने धुतलेल्या, काही अगदी ताज्या. त्यांच्याच शेजारी संकरित बियाण्याची जाहिरात. हॉटेलातल्या माणसांनी माझी चौकशी पूर्ण केली, कुठल्या, कशाला आल्या, मालक काय करतात, आणि मग एकाने विचारलं, "ते गॅट का काय आलंय म्हणतेत, त्याच्यानं आपलं बियाणं आपलं ऱ्हाणार न्हाई. खरं हाय का म्याडम?" मला सुतातलं कळतं, करारातलं नाही, असं मी सांगितलं. "मंग कुणाला इचारावं?" तो म्हणाला.

जिनाचे व्यवस्थापक दत्तराव मला घ्यायला आले. गोल चेहऱ्याचा, अगत्यशील माणूस. कामाचं काही बोलू न देता आधी घरी जेवायला नेलं. ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी आणि येसराची आमटी. धान्यं आणि मसाले भाजून दळून ठेवलेल्या पिठाची ही आमटी आम्हाला ठाऊक नाही. आमचा रस्सा लाल दिसला की तिखट हे कळतं. ही बिचारी भोळी, तपकिरी दिसते म्हणून मी मोठा घोट घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. दत्तरावांच्या बायकोने न बोलता दुधाची वाटी पुढे केली.

मग जिन. खरेदी सरकारची, पण या आवारातला माल आमच्या गिरणीसाठी वेगळा ठेवला जाई. आवारात बैलगाड्यांची रांग आणि मधोमध पत्र्याचा एक जाड पाइप, त्याचं तोंड गाडीवर लोंबणारं. यंत्र सुरू झालं की हा पाइप हवेच्या जोराने कापूस ओढून घेई. सगळे त्याला सोंड म्हणत. ही सोंड मागच्याच वर्षी बसवली होती. मागून पत्र्याच्या लांब शेडमध्ये कापूस पडे आणि तिथे बायका जाळीच्या पलंगांभोवती बसून त्यातली काडी-कचरा वेचत. हे वेचणं यंदाचं, सूत परत आल्यावर आम्हीच सुचवलेलं.

वेचणाऱ्या बायकांवर मुकादम होती कांताबाई. पन्नाशीची, उंच, कपाळ मोकळं. बायकांवर ओरडताना मी तिला ऐकलं नाही. ती नुसती जाऊन पलंगाशी उभी राही आणि गप्पा थांबत. चहाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, काम आवडतं का. हा प्रश्नच शहरी होता.

"आवडतं म्हंजे," ती म्हणाली, "सावलीत बसायचं, आठवड्याला रोजाचे पैसे हातात. सकाळच्या पारी कुणाच्या दारात जाऊन 'काम हाय का' म्हणायचं न्हाई. आमाला तेवढंच लय हाय." मग म्हणाली, "तुमचा नमुना पास झाला तर ही शेड बारमाही चालवतो म्हणलेत तुमचे साहेब. आमी त्याच्यावर हावोत."

ती येलदरीच्या वाटेवरच्या एका गावची. गावाचं नाव मी लिहीत नाही. ती आणि तिच्या आळीतली माणसं बौद्ध. नामांतराच्या पहिल्या दंगलीत त्यांची घरं जाळली गेली आणि ती जिंतूरला आली ती परत गेली नाही. हे तिने ज्या आवाजात रोजाचं सांगितलं त्याच आवाजात सांगितलं. मी हातातला कप खाली ठेवला. वर्तमानपत्रात मी त्या दंगलीबद्दल वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. माझ्यासमोर बसलेल्या बाईचं घर त्या पानात होतं, हे पचायला मला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सोंडेजवळ उभी राहून मी कापूस बघत होते. वारा होता, घाम पुसायला रुमाल काढला आणि काय होतंय कळायच्या आत सोंडेने तो माझ्या हातातून ओढून नेला. मी किंचाळले असेन, कारण हमाल हसायला लागले. मी शेडकडे धावले. माझा पांढरा रुमाल तिथे आला होता, पण चिंध्या होऊन. आतल्या पंख्याने त्याचे वीतवीतभर लांब दोरे केले होते. बायका ते वेचून माझ्या हातात देत होत्या आणि पदरात तोंड लपवून हसत होत्या.

मी दोरे बघू लागले आणि माझं हसू जागीच गेलं. पांढऱ्या दोऱ्यांत हिरवे होते. लाल होते. कापसाच्या एका पुंजक्याला पिवळा डाग होता. मी बोटावर घेऊन वास घेतला. हळद.

"हे काय आहे?" मी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कांताबाईने पुढे येऊन हिरवा दोरा माझ्या हातातून घेतला.

"ओटी हाय ही."

"कुणाची ओटी?"

"कापसाची."

मला वाटलं ही माझी थट्टा करते आहे. मग तिने सांगितलं. त्या बाजूच्या गावांत हंगामातली घरची पहिली गाडी निघताना घरची बाई कापसाची ओटी भरते. दोन्ही हातांनी ढीग उकलून आत खण, ज्वारी, हळकुंड, सुपारी, कुंकवाची पुडी ठेवायची आणि वरून कापूस सारखा करायचा, ओटी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. लक्ष्मी घरातून निघाली, तिला रिकामी कशी धाडायची?

"पण हे नेहमीच चालत आलंय ना? मग आधी कधी ठिपके कसे आले नाहीत?"

"आधी हमाल गाडी हातानं रिकामी करायचे. ओटी हाताला लागली की ती हमालाची. मानच व्हता त्याचा. खण त्याच्या बायकोला, ज्वारी घरात. आता सोंड आली. सोंडंला काय कळतंय?"

मी पलंगाच्या कडेवर बसले. ती सोंड आमच्या गिरणीच्या अटीवरून बसवली होती. परदेशी मालाला माणसांचे हात कमी लागावेत, माल स्वच्छ राहावा, म्हणून. साहेबांनी ती अट मोठ्या अभिमानाने आम्हाला वाचून दाखवली होती. आणि गेल्या हंगामाच्या सुरुवातीला साऱ्या गावांच्या पहिल्या गाड्या, साऱ्या घरांच्या ओट्या, एकापाठोपाठ एक तिच्यात गेल्या होत्या. खताच्या पोत्यांची चौकशी करायला मी तीनशे मैलांवर आले होते आणि सापडला होता खणाचा काठ.

दत्तराव धावत आले. त्यांना विचारलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "ओटी तर भरतातच हो," म्हणाले, "पण ती त्या सुतात गेली असंल हे डोक्यातच आलं न्हाई." त्यांच्या स्वतःच्या घरची गाडीही गेल्या वर्षी तशीच आली होती. ही गोष्ट सगळ्या आवाराला माहीत होती. कुणी लपवली नव्हती, कारण कुणी विचारली नव्हती.

शेडमध्ये कितीही वेचलं तरी पंख्यातून गेलेला धागा पूर्ण निघत नाही आणि कुंकू तर मुळीच नाही. थांबवायचं तर घरीच थांबवायला हवं होतं. सगळ्यात मोठी गाडी कांताबाईच्याच गावातल्या एका मोठ्या घरची, उद्या निघणार होती. त्या घरची गाडी आधी आणि मग बाकीच्यांची, असा तिथला रिवाज. दत्तराव म्हणाले, "पुरुष माणसाचं काम नव्हं हे. ओटीचं बाईशी बाईनंच बोलावं."

मी कांताबाईकडे पाहिलं. ती शेडच्या दाराकडे बघत होती.

"चला," ती म्हणाली.

येलदरीच्या वाटेवर

जीपमधून जाताना पूर्णेच्या खोऱ्यात उतार लागतो आणि लांब धरणाचं पाणी चमकतं. रस्त्याकडेला कोळी मासे विकत बसले होते. एरवी मी उतरून भाव केला असता. कांताबाई समोर बघत होती. गाव दिसलं तेव्हा तिने पदर डोक्यावरून घेतला, नीट खोचला, आणि मला म्हणाली, "जिच्या घरी जायलोत ती गयाबाई. त्यांनी आग न्हाई लावली. आतून कडी घालून बसले व्हते."

गयाबाईंच्या अंगणात गाडी कापसाने शिगोशीग भरून उभी होती, बैल अजून जुंपायचे होते. ओसरीवर सूप, सुपात ज्वारी, हळकुंडं, कुंकवाचा करंडा, आणि त्या सगळ्याच्या वर कोरं, घडी न मोडलेलं हिरवं लुगडं. गयाबाई ठसठशीत बाई, साठीच्या अलीकडची. मला बघून हसल्या. माझ्यामागे कांताबाईला बघून हसू अर्ध्यावर थांबलं.

"कांता का तू? लय दिसांनी."

"व्हय आक्का."

मला ओसरीवर पाट आला, चहा आला. कांताबाई अंगणातच उभी होती. तिच्यासाठी चहा आला तो कान तुटलेल्या, वेगळ्या कपात. मी त्या कपाकडे बघतच राहिले. कांताबाईने तो खाली ठेवला. "पिऊन आलेय," म्हणाली.

मी गयाबाईंना लुगड्याबद्दल विचारलं.

"गेल्या साली निस्ता खण ठेवला," त्या म्हणाल्या. "मंग दत्तरावनं सांगितलं, आक्का, तुमचा कापूस समिंदरापल्याड गेला. मला लय वाईट वाटलं. येवढ्या लांब लेक धाडली आन् खणावर बोळवण केली. म्हणून औंदा लुगडं आणलं. सगळ्याच घरांनी आणलं."

सगळ्याच घरांनी! मी पिशवीतून तो आकाशी तुकडा काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, तुमच्या कापसाचं तिकडे हे कापड झालं.

त्यांनी तो उजेडात धरला, बोटाने ठिपके चाचपले आणि त्यांचा चेहरा फुलला. "ह्यो हिरवा म्हंजे माझा खण. आन् हे कुकू. हळद बी दिसायलीय बगा." त्यांनी आतल्या सुनेला हाक मारली. "पोचली गं ओटी. तिकडपतूर पोचली."

इतकी खूश झालेली बाई मी फार दिवसांत पाहिली नव्हती आणि तिला पुढचं मला सांगायचं होतं. मी सांगितलं. या ठिपक्यांमुळे ते कापड कुणी घेत नाही. सगळा माल परत आला.

"परत?" तुकडा त्यांच्या मांडीवर पडला. "दिल्या घरनं परत धाडली?"

त्यांनी तो शब्द असा उच्चारला की मी नजर खाली वळवली. त्या गाडीकडे वळल्या. मग ताठ झाल्या.

"मंग काय रिकाम्या ओटीनं धाडू? माझ्या सासूनं भरली, तिच्या सासूनं भरली. तिकडचे म्हणतेत म्हणून मोडायचं व्हय?"

मी यंत्राचं, पंख्याचं समजावू लागले आणि माझं मलाच कळलं की मी सोंडेची भाषा बोलते आहे. तेव्हा मागून कांताबाई म्हणाली, "आक्का, कापसात काही घालू नका."

"तू सांगतीस आमाला देवाधर्माचं?"

"देवाधर्माचं न्हाई. माझ्या कामाचं सांगायलेय. तुमचा कापूस आमी वेचतो तिथं, जिनात. त्यातून तुमचा खण निघत न्हाई. ह्या वक्ताला बी माल परत आला तर शेड बंद. माझ्या हाताखालच्या साऱ्या बाया घरी. तुमाला कापूस इकायचा हाय, मला काम टिकवायचंय."

सून दारात उभी होती, हात कोरडे करत. गयाबाई उठल्या, लुगडं हातात घेतलं आणि ओसरीच्या कडेशी आल्या.

"हमालाचा मान व्हता," त्या म्हणाल्या. "आता हात तुमचा लागतो. मंग ओटी तुझी. धर पदर."

मला वाटलं, सुटलं. पण कांताबाईने पदर पुढे केला नाही.

"आमी ओटी घेत न्हाई आक्का. आन् त्या वक्ताचं बी काही मागायला आलेली न्हाई मी. निस्ता कापूस द्या. स्वच्छ."

गयाबाई लुगडं धरून तशाच उभ्या. त्यांच्या तोंडावरचा रंग मला सांगता येणार नाही. राग होता, आणखीही काही होतं. मग त्यांनी लुगडं सुनेकडे दिलं, गाडीशी गेल्या, रिकाम्या हातांनी कापसाचा ढीग थोडा उकलला आणि परत सारखा केला. "बैल जुंप," गड्याला म्हणाल्या. "आन् वाड्यावस्तीला सांग, औंदा कुणी ओटी भरायची न्हाई. मी सांगितलं म्हणून सांग."

परतताना जीपमध्ये कांताबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

वालूर, आणि पुन्हा जिंतूर

त्यानंतर आलेल्या गाड्या मी स्वतः तपासल्या. इतका निर्मळ कापूस मी गिरणीत कधी पाहिला नव्हता. बायकांनी तो वेचला तेव्हा त्यात वेचण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. नमुना बांधून मुंबईमार्गे विमानाने रवाना झाला आणि उत्तर येईपर्यंत मला करायला काही नव्हतं.

मग मी हिंडले. वालूरला गेले, तिथली गोल बारव पाहिली. पायऱ्या वळत वळत पाण्यापर्यंत उतरतात, वरून बघताना भोवळ येते. बाजारात फिरताना एका सूर्यफुलाच्या व्यापाऱ्याने मला सांगितलं की मलेशियाच्या पामतेलाचा भाव सकाळी कळल्याशिवाय तो वालूरमध्ये पोतं उचलत नाही. मी त्याच्याकडे आ वासून बघत राहिले. येलदरीला जाऊन मासे खाल्ले, काटा घशात गेला, भाकरीचे सुके घास गिळून तो उतरवला. आमच्याकडे केळं देतात.

शेडमध्ये बायका आता माझ्याशी मोकळ्या बोलत. कांताबाई बारमाही कामाची आखणी करत होती. उन्हाळ्यात पत्र्यावर कडबा टाकावा, तान्ह्या पोरांसाठी कोपऱ्यात झोळ्या बांधाव्यात. दत्तरावांनी झोळ्यांसाठी दोर आणून दिले होते.

फोन आला तो दुपारी. दत्तरावांच्या कचेरीत मी उभ्यानेच घेतला.

"परत या," साहेब म्हणाले. "करार गेला."

"नमुन्यात काय निघालं?"

"काही नाही. नमुना त्यांनी फोडलाच नाही."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. मी पुन्हा विचारलं.

"अहो, तिकडे रशिया मोडला. त्यातून निघालेले नवे देश मिळेल त्या भावाला कापूस विकतायत. त्या कापसाचं सूत या लोकांना आपल्या सुतापेक्षा स्वस्त पडतंय. त्यांचं आधीच ठरलं होतं."

"मग ते ठिपके?"

"ठिपके होतेच की. त्यांच्यावर बोट ठेवून करार मोडता आला. नसते तर दुसरं काही काढलं असतं. शेड बंद करायला सांगा त्यांना."

मी फोन ठेवला. एका बाईच्या सासूच्या सासूपासून चाललेली ओटी आम्ही थांबवली होती. दुसरी बाई, जिथे तिचं घर जळलं त्या गावात परत जाऊन, अंगणात उभी राहून बोलली होती. आणि ते पाकीट कुठल्यातरी टेबलावर तसंच बंद पडलं होतं. मला इतका संताप आला की दत्तराव काही विचारत होते ते मला समजेना.

कांताबाईला मीच सांगितलं. शेडच्या बाहेर, कापसाच्या ढिगाशी. मी रशिया म्हटलं, भाव म्हटलं, जमेल तसं समजावलं.

"रशिया कुठं हाय?" तिने विचारलं.

"खूप लांब."

"त्यांचं मोडलं म्हणून आमचं मोडलं?"

"हो."

"आन् आमचा कापूस त्यांनी बघितला बी न्हाई."

"नाही."

ती आत जाऊन बायकांना सांगेल असं मला वाटलं, पण ती तिथेच उभी राहिली, कारण फाटकातून गयाबाईंची गाडी आत येत होती. या खेपेला गयाबाई स्वतः गाडीत बसून आल्या होत्या. खाली उतरल्या त्या सरळ आमच्याकडेच.

"काय म्हणले तिकडचे?" त्यांनी विचारलं. "आवडला का?"

मी काही सांगायच्या आत कांताबाई बोलली. "स्वच्छ हाय म्हणले. असला कापूस बघितला न्हाई म्हणले."

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. गयाबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "पोचली बया सुखरूप," म्हणाल्या. मग कामाचं आठवलं. "रानात दुसरी वेचणी आलीय. बाया मिळंनात. तुझ्या वळखीच्या असतील तर धाडशील?"

"मीच येते," कांताबाई म्हणाली. "धा-बारा बाया बी आणते."

"आन् हितलं काम?"

"हितलं उरकत आलंय. पण आक्का, रोज जिनातल्या भावानं. आन् चहा साऱ्यांना सारख्याच कपातून."

गयाबाईंचे डोळे बारीक झाले. "जिनातला रोज रानात कोण देतं गं?"

"परदेशी जाणारा कापूस कोण पिकवतं? तिकडचे आता दर साली बघणार. काडी निघाली, डाग निघाला, की पुन्यांदा माघारी. तसा हात ह्या बायांचाच बसलाय." मग ती माझ्याकडे वळून न बघता म्हणाली, "इचारा म्याडमला."

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का वो बाई? दर साली बघणार?"

कचेरीच्या दारात दत्तराव येऊन उभे होते. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी मान खाली घातली.

मी आयुष्यभर तपासणीचं काम केलेली बाई. खोट दिसली की लाल शाईने खूण करायची, एवढंच मला येतं.

"हो," मी म्हटलं. "दर वर्षी."

गयाबाईंनी बोटांवर हिशेब केला. "बरं," त्या म्हणाल्या. "जिनातला तर जिनातला. उद्या पहाटं गाडी धाडते फाटकाशी. साऱ्या बाया घेऊन ये." आणि गड्याला हाका मारत त्या सोंडेकडे गेल्या.

कांताबाई त्यांच्या गाडीजवळ गेली. कापसाची एक मूठ उचलून तिने त्यातली वाळकी काडी काढली, खाली टाकली, आणि पुढची मूठ घेतली. मला तिच्याशी बोलायचं होतं. मीही शेजारी उभी राहून वेचू लागले.